दोन मिनिटांचे उड्डाण

अंतर, वेग आणि वेळ यांची उदाहरणे आपण सर्वांनी शाळेत सोडवली आहेत आणि आता मुलांकडून ती सोडवूनही घेतो. 'एक आगगाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जाते, तर १८० किलोमीटर अंतर कापण्यास तिला किती वेळ लागेल?' मुले १८० ला ६० ने भागतात, तीन तास हे उत्तर येते आणि आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो. उदाहरणातली ही गाडी सुटल्या क्षणी पूर्ण वेगात असते, वाटेत तिला एकही स्थानक लागत नाही आणि मुक्कामाला ती एकदम जागच्या जागी थांबते. वर्गातला एखादा चौकस मुलगा विचारतो, "पण सर, गाडी सुटताना हळू नसते का?" 'हा सरासरी वेग आहे' असे सांगून आपण त्याला खाली बसवतो.

या लेखात आम्ही त्या मुलाची बाजू घेणार आहोत. त्यासाठी एक खरेखुरे उदाहरण निवडले आहे. दोन छोटे विमानतळ आहेत. त्यांच्यामधले अंतर आहे सुमारे पावणेतीन किलोमीटर आणि वेळापत्रकात छापलेला प्रवासाचा वेळ आहे दोन मिनिटे. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे प्रवासी नेणाऱ्या उड्डाणांत याहून आखूड उड्डाण जगात दुसरे नाही. गणित तर एका ओळीचे आहे. पण ते नीट सोडवायला बसले की भूगोल लागतो, इतिहास लागतो आणि शेवटी एक असा प्रश्न उभा राहतो की ज्याचे उत्तर भागाकाराने मिळत नाही. इतक्या जवळच्या दोन ठिकाणांसाठी विमान कशाला?

पश्चिमेचे बेट आणि पाद्र्यांचे बेट

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे समुद्रात ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. लहानमोठी मिळून सुमारे सत्तर बेटे, त्यांतल्या वीसेक बेटांवर वस्ती. सर्वांत मोठ्या बेटावर कर्कवॉल हे मुख्य गाव आहे. तेथून उत्तरेला, सरळ रेषेत सुमारे ४४ किलोमीटरवर वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही दोन बेटे शेजारी शेजारी आहेत. ही बेटे पूर्वी नॉर्वेच्या राज्यात होती. १४६८ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी ऑर्कनी बेटे स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेवली आणि ती पुढे कधी सोडवलीच नाहीत. नावे मात्र जुन्या नॉर्स भाषेतलीच राहिली. वेस्ट्रे म्हणजे पश्चिमेचे बेट आणि पापा वेस्ट्रेतील 'पापा' म्हणजे पाद्री. तेथले लोक आपल्या बेटाला लाडाने नुसते 'पापे' म्हणतात.

पापा वेस्ट्रे केवळ नऊ चौरस किलोमीटरचे आहे. एवढ्याशा बेटावर नॅप ऑफ हॉवर या ठिकाणी दगडी घरांची एक जोडी उभी आहे. इ.स.पूर्व ३७०० च्या सुमारास तेथे शेतकरी राहू लागले. वायव्य युरोपात आजही उभ्या असलेल्या घरांपैकी ही सर्वांत जुनी मानली जातात. म्हणजे इजिप्तमधले पिरॅमिड उभे राहण्याच्या हजार वर्षे आधीपासून या बेटावर माणसाची वस्ती आहे. पुढचा इतिहास वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण विसाव्या शतकात प्रश्न असा आला की ही वस्ती टिकणार की नाही.

आधी अंतर मोजू या

दोन्ही विमानतळ ५९ अंश २१ मिनिटे या उत्तर अक्षांशाच्या अगदी जवळ आहेत. वेस्ट्रेचे रेखांश सुमारे २ अंश ५७ मिनिटे पश्चिम आणि पापा वेस्ट्रेचे सुमारे २ अंश ५४ मिनिटे पश्चिम. फरक ३ मिनिटांचा. (ही मिनिटे कोनाची, घड्याळाची नव्हेत. एका अंशाची ६० मिनिटे होतात. मुलांचा येथे हमखास घोटाळा होतो.)

विषुववृत्तावर रेखांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५५ किलोमीटर. तीन मिनिटांचे झाले ५.५६ किलोमीटर. पण रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात. म्हणून या अंतराला अक्षांशाच्या कोज्येने, म्हणजे कोसाइनने गुणावे लागते. ५९ अंश २१ मिनिटांची कोज्या आहे ०.५१. गुणाकार केला की उत्तर येते सुमारे २.८ किलोमीटर. रेखांश आपण पूर्ण मिनिटात घेतल्यामुळे उत्तरात थोडा फरक पडतो. बहुतेक ठिकाणी हे अंतर २.७ किलोमीटर दिलेले असते. आम्ही या लेखात पावणेतीन धरले आहे. हाच तीन मिनिटांचा फरक महाराष्ट्रात १९ अंश अक्षांशावर घेतला तर अंतर सव्वापाच किलोमीटर होईल. नकाशात 'सारखा' दिसणारा फरक जमिनीवर सारखा नसतो, हे दाखवायला यापेक्षा सोपे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

अंतर सापडले. आता कोणी म्हणेल, हे तर चालत जाण्याचे अंतर आहे. चालत गेले तर अर्ध्या-पाऊण तासाचे. पण मध्ये समुद्र आहे.

बोटीची वाट

कोकणातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. खाडीपलीकडच्या गावातले दिवे आपल्या अंगणातून दिसतात, पण तरी चुकली की रस्त्याने तेथे पोहोचायला अर्धा दिवस जातो. ऑर्कनीत तर वळसा घालायला रस्ताच नाही. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यामधला समुद्र अरुंद आहे, तेथून लहान बोट साधारण पंचवीस मिनिटांत पलीकडे जाते. पण हा उत्तर अटलांटिक आहे. एका बाजूने अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूने उत्तर समुद्र, आणि भरती-ओहोटीचे पाणी बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून जोराने धावते. त्याच्या उलट दिशेने वारा सुटला की उंच आणि तुटक लाटा उठतात. हिवाळ्यात वादळ आले की बोटी धक्क्याला बांधून ठेवायच्या आणि वाट पाहायची.

कर्कवॉलहून येणाऱ्या आगबोटीचीही तीच कथा. बोट एकामागून एक बेटे घेत जाई, त्यामुळे जवळचा प्रवासही दिवस खाई. बेटावरचा माणूस दाताच्या डॉक्टरकडे जायला निघाला तर जाणे, थांबणे आणि परतणे मिळून किती दिवस लागतील, हे हवेवर अवलंबून. येथे एक गोष्ट स्पष्ट होते. अंतर किलोमीटरमध्ये मोजले तर ते बदलत नाही, पण माणसे ते वेळेत मोजतात, आणि वेळ बदलतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पापा वेस्ट्रेवर तीनशेहून अधिक लोक राहत होते. विसाव्या शतकात ही संख्या घटत गेली. शेतीत यंत्रे आली, तरुण शहरांकडे गेले. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडच्या अनेक बेटांवर हेच घडत होते. पश्चिमेकडच्या सेंट किल्डा या बेटाची गोष्ट सर्वांत प्रसिद्ध आहे. तेथून जगाशी नियमित संपर्क असा नव्हताच. एके काळी तेथले लोक लाकडी डबीत पत्र ठेवून, तिला तरंगण्यासाठी मेंढीचे मूत्राशय फुगवून बांधत आणि ती समुद्रात सोडून देत. प्रवाह नेईल तेथे ती लागे! अखेर उरलेल्या लोकांनी आम्हाला येथून हलवा, असा अर्ज स्वतःच केला. २९ ऑगस्ट १९३० रोजी शेवटची ३६ माणसे बोटीत बसली आणि बेट ओस पडले.

फ्रेसन यांचे विमान

सेंट किल्डा ओस पडल्यानंतर एकाच वर्षाने, १९३१ मध्ये, कॅप्टन अर्नेस्ट एडमंड फ्रेसन हे वैमानिक ऑर्कनीत उतरले. पहिल्या महायुद्धात ते विमान चालवायला शिकले होते. युद्धानंतर गावोगावी विमान नेऊन, पैसे घेऊन लोकांना आकाशात एक फेरी मारून आणणे हा त्यांचा उद्योग होता. जत्रेतल्या पाळण्यासारखाच तो धंदा. पण ऑर्कनीत आल्यावर त्यांच्या ध्यानात आले की येथल्या लोकांना मौजेची फेरी नको आहे. त्यांना पलीकडे जायचे आहे.

१९३३ मध्ये त्यांनी 'हायलँड एअरवेज' ही कंपनी काढली आणि त्याच वर्षी मे महिन्यात इन्व्हर्नेस ते कर्कवॉल ही नियमित सेवा सुरू केली. इन्व्हर्नेस हे स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरचे शहर. तेथून कर्कवॉल सुमारे १८० किलोमीटर. रेल्वे आणि बोट मिळून हा प्रवास दिवसाचा होता, विमानाने तो साधारण तासाभराचा झाला. कर्कवॉलजवळचा 'विमानतळ' म्हणजे एका शेतकऱ्याचे कुरण होते.

२९ मे १९३४ रोजी आणखी एक घटना घडली. या मार्गावर टपाल विमानाने जाऊ लागले आणि तेही साध्या टपालाच्या दरात. त्याआधी विमानाने पत्र पाठवायचे तर जास्तीचे पैसे पडत. ब्रिटनमध्ये जादा आकार न घेता देशांतर्गत टपाल नियमितपणे विमानाने नेण्याची ही पहिली वेळ. आपल्याकडेही हाच काळ विमानटपालाच्या सुरुवातीचा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल घेऊन आले आणि जुहूच्या मैदानावर उतरले. दोन्हीकडे विमाने लहान आणि मैदाने कच्ची. फरक एवढाच की एकाने मोठी शहरे जोडली आणि दुसऱ्याने विखुरलेली बेटे.

१९३४ मध्येच फ्रेसन यांनी ऑर्कनीच्या बेटाबेटांमध्येही विमाने नेण्यास सुरुवात केली. त्यांचे 'ड्रॅगन' हे विमान लाकडी सांगाड्याचे, दुहेरी पंखांचे होते. ते हळू उतरे आणि थोड्या जागेत थांबे. चांगले सपाट कुरण मिळाले की पुरे. जेथे धक्का बांधायला वर्षे लागली असती तेथे विमान महिन्याभरात पोहोचू लागले. आजारी माणसाला कर्कवॉलच्या रुग्णालयात नेणे, हे काम त्यात ओघानेच आले.

पण ही गोष्ट सरळ रेषेत पुढे गेली नाही. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि बेटांमधली विमानसेवा बंद पडली. युद्धानंतर ब्रिटनमधल्या विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९४७ मध्ये फ्रेसन यांची कंपनी एका मोठ्या सरकारी महामंडळात विलीन झाली आणि पुढच्याच वर्षी स्वतः फ्रेसन यांना नोकरीतून कमी करण्यात आले. महामंडळाची नजर मोठ्या शहरांवर आणि मोठ्या विमानांवर होती. पाच-सहा प्रवाशांसाठी कुरणावर उतरणे त्याच्या हिशोबात बसत नव्हते. बेटांमधली सेवा सुमारे अठ्ठावीस वर्षे बंद राहिली. फ्रेसन १९६३ मध्ये वारले. ती पुन्हा सुरू झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

तंत्रज्ञानाचा इतिहास शिकवताना आपण बहुधा 'अमुक साली शोध लागला आणि जीवन बदलले' असे सांगतो. येथे तर विमानही होते, वैमानिकही होते, मार्गही माहीत होता. तरी एक पिढीभर प्रवासाचा वेळ पुन्हा बोटीच्या वेळेवर गेला. प्रवासाला लागणारा वेळ यंत्रावर जेवढा अवलंबून असतो, तेवढाच ते यंत्र कोणासाठी चालवायचे या निर्णयावरही असतो.

बेटांसाठी बनवलेले विमान

१९६२ मध्ये विली लोगन या स्कॉटिश कंत्राटदाराच्या बांधकाम कंपनीने एक लहान विमान घेतले. टे नदीवरच्या रस्तापुलाच्या कामासाठी ये-जा करायला ते हवे होते. पुढे ते भाड्याने देऊ लागले आणि त्यातून 'लोगनएअर' ही कंपनी उभी राहिली.

त्याच सुमारास इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर जॉन ब्रिटन आणि डेस्मंड नॉर्मन हे दोन अभियंते एका नव्या विमानाचा आराखडा करत होते. ड्रॅगनच्या पिढीची लाकडी विमाने आता म्हातारी झाली होती आणि त्यांची जागा घेणारे स्वस्त, साधे विमान कोणीच बनवत नव्हते. सर्वांना जेट विमानांची घाई होती. या दोघांनी उलट विचार केला. वेग थोडा कमी असला तरी चालेल, पण विमान आखूड आणि खडबडीत धावपट्टीवर उतरले पाहिजे, त्याची देखभाल सोपी हवी आणि दिवसातून कितीही वेळा चढ-उतार केली तरी ते टिकले पाहिजे. त्यांचे विमान १३ जून १९६५ रोजी प्रथम उडाले. नाव ठेवले 'आयलँडर', म्हणजे बेटकरी. पंख वरच्या बाजूला, दोन साधी पिस्टन एंजिने आणि आत न मिटणारी चाके. वैमानिकाशिवाय आठ-नऊ माणसे बसतात. जागा कमी पडली तर एका प्रवाशाला वैमानिकाच्या शेजारीच बसवतात.

सप्टेंबर १९६७ मध्ये लोगनएअरने आयलँडर विमाने वापरून ऑर्कनीतली बेटाबेटांमधली सेवा पुन्हा सुरू केली. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे उड्डाण त्याच सेवेतला एक तुकडा. तेव्हापासून आजवर ते चालू आहे आणि विमानही आयलँडरच आहे. वेस्ट्रेच्या उत्तर टोकाकडील आणि पापा वेस्ट्रेवरील या विमानतळांच्या मुख्य धावपट्ट्या जेमतेम अर्ध्या किलोमीटरच्या आहेत. विमान उतरायच्या वेळी अग्निशमनाची तयारी ठेवणे वगैरे कामे बेटावरचीच माणसे आपापला उद्योग सांभाळून करतात.

दोन मिनिटांचा हिशोब

आता आपल्या मुलाचा प्रश्न घेऊ. आयलँडरचा सरळ उड्डाणातला वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर आहे. पावणेतीन किलोमीटरला या वेगाने ४१ सेकंद लागायला हवेत. वेळापत्रकात मात्र १२० सेकंद आहेत. प्रत्यक्षात हवेतला प्रवास बहुधा दीड मिनिटाच्या आसपास होतो. त्यावरून सरासरी वेग येतो ताशी ११० किलोमीटर, म्हणजे विमानाच्या नेहमीच्या वेगाच्या निम्म्याहूनही कमी. मग विमान कोठे रेंगाळले?

ते कोठेच रेंगाळले नाही. त्याला पूर्ण वेगाने जायला वावच मिळाला नाही. जमीन सोडताना विमानाचा वेग कमी असतो आणि उतरतानाही तो कमीच ठेवावा लागतो. लांबच्या उड्डाणात या दोन टोकांच्या मध्ये पूर्ण वेगाचा मोठा टप्पा असतो. येथे एक टोक संपेपर्यंत दुसरे सुरू होते, मधला टप्पाच नाही.

त्यात वाऱ्याचा भाग वेगळा. विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडते आणि उतरते. कारण पंखांना उचल देते ती हवेच्या तुलनेतली गती. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा येत असेल तर तेवढी गती विमानाला उभ्या उभ्याच मिळालेली असते. पापा वेस्ट्रे पूर्वेला आहे. वारा पश्चिमेचा असेल तर विमानाला आधी पश्चिमेकडे तोंड करून उडावे लागते, मग वळायचे, आणि उतरताना पुन्हा वळायचे. पावणेतीन किलोमीटरच्या प्रवासात ही दोन वळणे फार मोठी ठरतात. वारा अनुकूल असला तर मात्र वेगळेच घडते. स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाने हे अंतर एकदा ५३ सेकंदांत पार केले, तो विक्रम आहे. त्याचा सरासरी वेग मुलांनी काढावा. तो ताशी १८७ किलोमीटरच्या जवळपास येईल. याच लिंकलेटर यांनी २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत हे उड्डाण बारा हजारांहून अधिक वेळा केले. बारा हजार गुणिले पावणेतीन म्हणजे तेहतीस हजार किलोमीटर. पृथ्वीचा परीघ चाळीस हजार. बारा हजार वेळा उडूनही या वाटेने पृथ्वीची एक प्रदक्षिणा पुरी होत नाही!

आता याच मार्गावरचे दुसरे उड्डाण घेऊ. कर्कवॉल ते वेस्ट्रे अंतर ४४ किलोमीटर, वेळ सुमारे १५ मिनिटे. आलेख कागदावर आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर वेळ घेऊन दोन बिंदू मांडावेत. एक (२.७५, २) आणि दुसरा (४४, १५). त्यांमधून रेषा काढली की ती आरंभबिंदूतून जात नाही. ४१.२५ किलोमीटर जादा अंतराला १३ मिनिटे जादा लागली, म्हणजे चढावरून निघणारा वेग ताशी सुमारे १९०. आणि रेषा उभ्या अक्षाला छेदते ती एक मिनिटाच्या किंचित वर. हे एक मिनिट म्हणजे अंतर शून्य असले तरी लागणारा वेळ! निघण्याचा आणि पोहोचण्याचा ठरलेला खर्च. दोनच बिंदूंवरून काढलेला हा अंदाज ढोबळ आहे हे खरे, पण मुलाचा प्रश्न किती योग्य होता हे त्यातून कळते. प्रवासाचा वेळ म्हणजे अंतर भागिले वेग एवढेच नव्हे. त्यात एक ठरीव वेळ मिळवावा लागतो. अंतर मोठे असेल तर तो नजरेआड करता येतो. अंतर लहान असेल तर तोच सगळे ठरवतो.

सरोवरावरची आठ मिनिटे

हे पटले की लगेच पुढची शंका येते. मग इतकी आखूड उड्डाणे म्हणजे इंधनाची उधळपट्टीच नाही का? या शंकेला उत्तर देण्यापूर्वी युरोपातलेच दुसरे उदाहरण पाहू.

स्वित्झर्लंड आणि जर्मनी यांच्या सीमेवर कॉन्स्टन्स नावाचे मोठे सरोवर आहे. त्याच्या स्विस काठावर आल्टेनऱ्हाइन आणि जर्मन काठावर फ्रीडरिक्सहाफेन असे दोन छोटे प्रादेशिक विमानतळ आहेत. अंतर सुमारे २० किलोमीटर. नोव्हेंबर २०१६ मध्ये एका कंपनीने या दोहोंमध्ये उड्डाण सुरू केले. विमान जर्मनीतल्या कोलोन-बॉनला जायचे आणि वाटेत येथे थांबायचे. हवेतला वेळ आठ मिनिटे. दोन देशांमधले सर्वांत आखूड उड्डाण म्हणून त्याचा गाजावाजा झाला.

येथले विमान होते मोठे जेट, ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाचे. आठ मिनिटांत वीस किलोमीटर म्हणजे सरासरी ताशी १५०. पापा वेस्ट्रेसारखाच हिशोब, फक्त तोटा अधिक. पण खरा फरक पुढे आहे. या सरोवराला वळसा घालून मोटारीने साधारण तासाभरात पलीकडे जाता येते. जवळच्या गावाहून सुटणारी मोटारी वाहून नेणारी बोट पाऊण तासाच्या आत सरोवर ओलांडते. विमानतळावर आधी पोहोचणे, तपासणी, बसणे, उतरणे यांचा ठरीव वेळ धरला तर आठ मिनिटांचा फायदा कोठल्या कोठे जातो. पर्यावरणवाद्यांनी टीका केली, प्रवासीही पुरेसे मिळाले नाहीत. एप्रिल २०१७ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, हे उड्डाण बंद झाले.

पावणेतीन किलोमीटरचे उड्डाण अर्धशतकाहून अधिक काळ चालते आणि वीस किलोमीटरचे सहा महिनेही टिकत नाही. उड्डाण योग्य की अयोग्य हे केवळ अंतरावर ठरत असते तर याच्या उलट व्हायला हवे होते.

विमान नव्हे, एसटी

पापा वेस्ट्रेच्या उड्डाणाकडे 'जगातले सर्वांत आखूड उड्डाण' म्हणून पाहिले की ते विचित्र वाटते. पण विमान मुळात कर्कवॉलहून निघालेले असते. ईडे, सँडे, स्ट्रॉनसे, नॉर्थ रोनल्डसे, वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या सहा बेटांना ते आळीपाळीने जाते. काही फेऱ्या पापा वेस्ट्रेला थेट जातात, काही वेस्ट्रेला थांबून. वेस्ट्रेला थांबले की पुढचा थांबा पावणेतीन किलोमीटरवर येतो, इतकेच. आपली एसटी वाडीवाडीला थांबते. दोन थांब्यांमधले अंतर कमी आहे म्हणून कोणी तिला नावे ठेवत नाही. कारण तो प्रवास त्या दोन थांब्यांमधला नसतोच. वाडीपासून तालुक्यापर्यंतचा असतो.

मग या विमानात बसते कोण? हौशी प्रवासी असतातच, त्यांना या उड्डाणाचे प्रमाणपत्रही मिळते. पण ज्यांच्यासाठी ते चालते ती माणसे वेगळी. दाताचे डॉक्टर, बँकेचे कर्मचारी, गुरांचे डॉक्टर, कर्कवॉलच्या रुग्णालयात निघालेले रुग्ण. आणि शिक्षक. लहान बेटावरच्या शाळेत मुले थोडी असतात. अशा शाळेला संगीताचा, चित्रकलेचा, शारीरिक शिक्षणाचा स्वतंत्र शिक्षक देणे शक्य नसते. तेथे फिरते शिक्षक आहेत. आज या बेटावर, उद्या त्या बेटावर. ते सकाळी विमानाने जातात आणि शिकवून संध्याकाळी घरी परततात. बोटीवर अवलंबून राहायचे तर एका तासिकेसाठी कधी कधी दोन दिवस मोडले असते. एवढ्या प्रवाशांच्या भाड्यात खर्च भागत नाही, म्हणून ऑर्कनीची स्थानिक परिषद या सेवेला अनुदान देते. रस्ता बांधताना त्यावरून किती उत्पन्न मिळेल असे कोणी विचारत नाही. बेटकऱ्यांचे म्हणणे असे की आमचा रस्ता आकाशातून जातो.

२००१ च्या जनगणनेत पापा वेस्ट्रेवर ६५ माणसे होती. २०११ मध्ये ती ९० झाली. हे सारे विमानामुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. बेटावरच्या लोकांनी सहकारी संस्था काढून दुकान चालवले, बाहेरच्या कुटुंबांना येऊन राहण्याचे आवाहन केले, शाळा टिकवली. पण जेथे डॉक्टर वेळेवर येत नाही आणि मुलांना शिक्षक मिळत नाही, तेथे नवे कुटुंब राहायला येत नाही, हे आपल्याकडच्या दुर्गम पाड्यांवर काम केलेल्या शिक्षकांना कोणी समजावून सांगायला नको.

इंधनाचा प्रश्न मात्र खोटा नाही, आणि त्याचे उत्तर शोधण्याची सुरुवातही याच विमानापासून झाली आहे. बॅटरीवर किंवा हायड्रोजनवर चालणाऱ्या विमानाची मोठी अडचण म्हणजे त्याचा पल्ला. जेथे पल्लाच थोडा आहे तेथे ही अडचण सर्वांत कमी. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये आयलँडर विमानाला विजेवर चालवण्याचा एक प्रकल्प हाती घेण्यात आला. २०२१ मध्ये त्यात हायड्रोजनवरच्या इंधनघटांचा मार्ग स्वीकारला गेला. त्या प्रकल्पाला नाव दिले आहे 'प्रोजेक्ट फ्रेसन'.

वर्गात करण्यासाठी

मुलांना आपल्या घरापासून शाळेपर्यंतचे अंतर आणि रोज लागणारा वेळ लिहून आणायला सांगावे. चालत येणारी, सायकलने येणारी आणि एसटीने येणारी मुले यांचे वेगवेगळे बिंदू एकाच आलेखावर मांडावेत. प्रत्येक गटाची रेषा उभ्या अक्षाला कोठे छेदते ते पाहावे. चालणाऱ्यांची रेषा आरंभबिंदूच्या जवळून जाईल. एसटीने येणाऱ्यांची बरीच वरून, कारण थांब्यावर वाट पाहण्याचा वेळ त्यात मिसळलेला असतो. हा ठरीव वेळ कोणाच्या वाट्याला सर्वांत जास्त येतो, तो का येतो आणि तो कमी करायचा असेल तर काय बदलावे लागेल, यावर मुलांना बोलू द्यावे.

त्या दिवशी तो चौकस मुलगा पुन्हा हात वर करील. या वेळी त्याला खाली बसवू नये, आलेख काढायला फळ्याशी बोलवावे.